काशिनाथ हाळी एकदाच द्यायचा

काशिनाथ गेल्याची बातमी माझा भाऊ मंगळ्या घेऊन आला तवा मी हसलो. लाज वाटते सांगायला, पन खरं तेच हाय. दुपारचे साडेतीन झाले असतील. मी बकऱ्या घेऊन डोंगराच्या उतारावर बसलो होतो. मंगळ्या खालून धापा टाकत आला, डोक्याचा टॉवेल हातात, आन् बोलला, "बुध्या, काशादादा गेला." मी बोललो, "कुठं, शहापूरला?" तो बोलला, "गेला रे… ओढ्याच्या वाटेवर पडलाय. अंग गार हाय." आन् मी हसलो. कारन बारा-साडेबाराला मी त्याची हाळी ऐकली होती. माझ्याच नावाची. "बुध्याऽऽऽ"… एकदाच. मी ओ दिली नाय. त्या ओ वरनं आमची चाळीस वर्षं भांडनं. मला वाटलं, आता ह्यानं नवीन काढलं, मेल्याचं सोंग करून पडलाय, बुध्या येतो का बघायला.

मंग खाली गेलो. काशिनाथ कुशीवर पडला होता. एक हात डोक्याखाली, झोपलेल्या मानसासारखा, आन् दुसऱ्या हातात गुळवेलीचं वेटोळं, वयनीच्या, म्हंजे त्याच्या बायकोच्या, साखरेच्या दुखन्यासाठी न्यायला आला होता. एक चप्पल पायात, एक वाटेवर उलटी. चश्मा नाकावरच. चार-पाच जन उभे होते. मी वाकलो, त्याच्या कानाशी तोंड नेलं आन् बोललो, "ओ." लोकांना वाटलं बुध्या रडतोय. मी रडत नव्हतो. मी ओ देत होतो… तीन तास उशिरा.

आता हे नीट सांगितलं पायजे, नायतर तुमी बोलाल हा मानूस हाय का दगड. (मला लिवता येत नाय. मी बोलतोय, माझी सून लिवतेय. ती मधेमधे थांबते, मी बी थांबतो.) आमचा पाडा डोळखांबच्या वरच्या अंगाला, रेंज नाय, त्यामुळं रानात मानसाला मानूस हाळीनंच शोधतो. पन आमच्याकडं रानात कोनी नाव घेऊन हाळी दिली तर पहिलीला ओ देत नाय. भर दुपार असो नायतर दिवेलागन, गप बसायचं. दुसरीला बी गप. तिसरी आली की मंग ओ. कारन रानातलं जे असतं, ज्याचं नाव आमी घेत नाय, त्याला दोनदाच हाळी देता येते. तिसरी देता येत नाय. आन् पहिलीला ओ दिलीस तर ते तुला घेऊन जातं. मला हे आईनं सांगितलं, आईला तिच्या आईनं. खाली गावात काशिनाथच्या बौद्धवाडीत बी जुनी मानसं हेच सांगायची. त्याच्या आईनं त्याला सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाय. तो बोलायचा, "म्हंजे भुताला तीनपर्यंत मोजता येत नाय? मंग ते तुझ्याच शाळेतलं दिसतंय."

माझी शाळा म्हंजे एक दिवस. गुरुजींनी हजेरी घेतली, माझं नाव घेतलं, मी ओ दिली नाय. दुसऱ्यांदा घेतलं, तरी नाय दिली. तिसऱ्यांदा त्यांनी घेतलंच नाय, गैरहजर मांडलं. मी पुढच्याच रांगेत बसलेलो, नाकातलं काढत. मंग मला वाटलं, मी इथं नायच तर बसून काय करू, म्हनून उठून चिंबोऱ्या, म्हंजे खेकडे, धरायला ओढ्यावर गेलो. तिथं काशिनाथ होता. तो शाळा बुडवून आला होता, मी शाळेनं बुडवलेला. अशी आमची ओळख.

पुढं तो शिकला, दहावी झाला, आन् शहापूरच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळेत शिपाई म्हनून लागला. काचेच्या नळ्या धुवायच्या, दिवे पेटवायचे, फळा पुसायचा. तीस वर्षं. पहाटे डोळखांबची एसटी, संध्याकाळी परत. सगळे त्याला मास्तर बोलायचे, तो बोलायचा, "मी मास्तर नाय. पोरं एक धडा एकदा ऐकून पास होतात. मी तोच धडा तीस वेळा ऐकलाय, तरी शिपाईच हाय." पन त्या तीस वेळात एक धडा त्याच्या डोक्यात घुसून बसला, तो आभाळाचा. सर शिकवायचे, हा मागं नळ्या धुवायचा, आन् नळ्या धुताना विचार करायचा. रिटायर झाल्यावर त्याला विचार करायला जागा पायजे होती आन् ऐकायला कोनीतरी. जागा म्हंजे डोंगर, आन् कोनीतरी म्हंजे मी, कारन मी आन् बकऱ्या कुठं जानार.

पहिल्या दिवशीच मी माती खाल्ली. तो एकदम गंभीर होऊन बोलला, "बुध्या, तुला काय वाटतं, परग्रहावर कोनी असेल?" मला ऐकू आलं, परघरात कोनी असेल. मी बोललो, "दुपारच्याला कोन घरात असतंय? बघून येऊ का?" आन् उठलो बी. तो माझ्याकडं बघत राहिला. मंग इतका हसला की त्याला ठसका लागला, मी पाठीत बुक्क्या घातल्या. तवापासून आमी परग्रह बोललोच नाय. परघरच. "बुध्या, परघरी कोनी हाय का रे?" असं विचारत तो वर यायचा. आन् मी बोलायचो, "नाय, सगळे वीटभट्टीवर गेलेत."

आमच्या पाड्याची नावं त्याला फार आवडायची. आमच्याकडं पोर ज्या वारी झालं त्या वाराचं नाव. मी बुध्या, भाऊ मंगळ्या, बहीन शुकरी, काका सोम्या. काशिनाथनं एकदा बोटावर मोजलं आन् कपाळावर हात मारला. "अरे, लोक आयुष्यं घालवतात मंगळावर जीव हाय का नाय ते शोधायला," तो बोलला, "आन् हा बघ मंगळ्या, आंब्याखाली घोरतोय." मंगळ्या उठून बोलला, "काय झालं?" काशिनाथ बोलला, "काय नाय, जीव हाय." आता मंगळ्यानंच त्याला वाटेवर बघितलं पहिलं… जीव नाय म्हनून सांगायला तोच आला.

एकदा थंडीत मी ओटीत बोरं घेऊन बसलो होतो. काशिनाथ बोलला, दे इकडं, तुला मोजून दाखवतो परघरी किती जन असतील. त्यानं सगळी बोरं कातळावर पसरली. "हे समज सगळे सूर्य." मूठभर बाजूला केली. "ह्यांना पोरंच नाय, म्हंजे ग्रह नाय. आता ह्या उरलेल्यातली अर्धी काढ, तिथं पानी नाय. पानी असून बी जिथं कायच उगवलं नाय ती काढ. उगवलं, पन नुसतं शेवाळच राहिलं, ती बी काढ. आता बोलनारं, विचार करनारं कोनी झालं अशी किती?" तो पुढं मोजत होता आन् मी बाजूला काढलेली खात होतो. मंग माझं चुकलं, मी न काढलेल्यातली बी दोन खाल्ली. तो वरडला, "दोन दुनिया खाल्ल्यास तू!" मी बोललो, किडकी होती. परत मोजलं. काढून काढून शेवटी एक बोर उरलं. तो त्या बोराकडं बघत बसला. बोलला, "एक तरी हाय. पन ते आपलंच असेल तर?" आन् तेवढ्यात माझ्या काळ्या बकरीनं मान लांब केली आन् ते बोर खाल्लं. मी हसून हसून कातळावरनं खाली आलो. तो हसला नाय. तो बकरीकडं बघून बोलला, "असंच होतं बघ. होतं ते बी टिकत नाय."

त्याचं खरं दुखनं ते टिकन्याचं होतं. असन्याचं नाय, टिकन्याचं. त्याचं आजोळ धरनाच्या पान्याखाली गेलेलं, तो लहान असताना. वैशाखात पानी उतरलं की तिथं एक उंबरा उघडा पडतो आन् जात्याची एक तळी. दरवर्षी तो जाऊन उभा राहायचा. मी एकदा गेलो बरोबर. मला वाटलं रडेल, म्हनून मी काहीतरी खुळ्यासारखं बोललो, की मामा घरी नाय वाटतं. तो उंबऱ्यावर पाय ठेवून उभा होता. बोलला, "माझ्या आजोळाला आज कोनी हाळी दिली तर ओ येनार नाय. पन ती मानसं मेली नाय रे, गेली. मुरबाडला गेली, कल्यानला गेली. हाळी देनाऱ्याला ते कसं कळनार? त्याला वाटनार, इथं कोनी नव्हतंच." मंग वाटेत त्यानं सांगितलं की आभाळात हाळी पोचायला हजार हजार वर्षं लागतात. हाळी पोचेपर्यंत देनारा टिकायला पायजे, ऐकनारा बी टिकायला पायजे, आन् ओ परत यायला अजून हजार. एवढं कोन टिकतंय? मी छाती फुगवून बोललो, आमचा पाडा टिकलाय. तो बोलला, "तुमचा पाडा वर्षाला सहा महिने टिकतो. दिवाळी झाली की अर्धा वीटभट्टीवर." मला राग आला. मी बोललो, "जातो तसा परत येतो की. टिकायचं म्हंजे एका जागी बसून राहायचं असं कोनी सांगितलं?" तो थांबला. खिशातनं वही काढली, तिच्यात नेहमी काय काय टिपायचा, आन् तिथंच वाटेवर उभं राहून ते लिहून घेतलं. माझं बोलनं कोनी लिहून घ्यायची ती पहिलीच वेळ. मी मंगळ्याला वाचायला लावलं, तर खाली माझं नावच टाकलेलं नव्हतं.

आन् हाळीचं असं. काशिनाथ हाळी एकदाच द्यायचा. हट्टानं. बोलायचा, "दुसरी-तिसरी दिली म्हंजे मी बी भुताला मानतो असं होईल. ऐकनारा असेल तर एकदाच पुरे." मी बी हट्टानं तिसरीलाच ओ द्यायचो. म्हंजे तो एकदा देनार, मी तिनाची वाट बघनार. झालं. मंग तो वीस मिंटं चढून वर यायचा, घामाघूम, आन् मी तिथंच बसलेला. "होतास की रे इथं! मंग ओ का नाय दिलीस?" "तू होतास का ते बघत होतो." "मी नाय तर कोन?" "तेच तर बघत होतो." रोजचं होतं हे. त्यावरनंच त्याला एक सुचलं होतं. बोलला, "आभाळ एवढं मोठं, तिथं कोनी नसेल असं होनार नाय. पन आवाज नाय. का नाय? तिकडं बी कोनीतरी बुध्या बसला असेल. भाकर खात. तिसऱ्या हाळीची वाट बघत. आन् आपल्याकडं आभाळातला आवाज धरायला मोठमोठ्या थाळ्या वर तोंड करून लावून बसलेत, आपन बी ऐकतोच हाय. सगळे ऐकतायत बुध्या. सगळे घाबरून कान लावून बसलेत आन् प्रत्येकाला वाटतंय दुनियेत मी एकटा." मी बोललो, घाबरायला पायजेच, उगाच ओ दिली आन् त्यानं येऊन खाल्लं तर? तो बोलला, "खाल्लं तर खाल्लं. निदान कोनी होतं, एवढं तर कळेल."

शेवटचं बोलनं झालं ते जायच्या दोन दिवस आधी. भात झोडून झालं होतं, पेंढा रचत होतो. त्याला धाप लागत होती, मी त्याची टिंगल केली, की शिपायाला एसटीची सवय, चालायची नाय. तो पेंढ्यावर टेकला आन् बोलला, "बुध्या, एकदा पहिल्या हाळीला ओ दे. एकदाच. मला बघायचंय काय होतं." मी बोललो, "आन् मला घेऊन गेलं तर? बकऱ्या कोन बघंल?" तो बोलला, "मी बघतो."

त्या दुपारी मी भाकरीचं फडकं सोडलं होतं. हाळी आली. आवाज त्याचाच होता, बारीक वाटला थोडा, पन वारा उलटा होता म्हनून तसं वाटलं असेल. मी बकरीला बोललो, "बघ, आला तुझा मास्तर. येऊ दे वर." आन् ठेचा भाकरीला लावला. वीस मिंटं झाली, आला नाय. मला वाटलं रुसून घरी गेला. मला बरं बी वाटलं, भाकरीत वाटेकरी नाय म्हनून… हे मी सांगनार नव्हतो. पन सून लिवतेय तर लिवू दे.

झोळी करून त्याला खाली आनला, जीप मिळाली, तालुक्याला नेला. डॉक्टर बोलले छातीचा झटका. मी विचारलं, लवकर आनला असता तर? ते बोलले, सांगता येत नाय. नाय वाचला असता असं बोलले असते तर मी सुटलो असतो. वाचला असता असं बोलले असते तर मी त्याच ओढ्यावर जाऊन काहीतरी केलं असतं. पन सांगता येत नाय… ह्याचं काय करायचं मानसानं? ती हाळी नेहमीची होती का मदतीची, ते मला कळायला मार्ग नाय. तो मरतानासुद्धा एकदाच देनार, एवढं मला ठाऊक हाय. त्या दिवसापासून दुपारची भाकर माझ्या घशाखाली जात नाय. मी एकदम संध्याकाळी खातो.

पुन्यानुमोदनाला, त्याच्या नावानं सगळी वाडी जमली तवा, मला बोलायला उभं केलं. मी शाळेच्या हजेरीची गोष्ट सांगितली, लोक हसले. बोरांची सांगितली, पोटं धरून हसले. सुमनवयनी, त्याची बायको, समोर बसली होती, ती हसली नाय. ती माझ्याकडं नुसती बघत होती. मला वाटलं, हिला कळलंय. मी गपकन खाली बसलो. त्यानंतर महिनाभर मी त्यांच्या वाडीची वाटच सोडली. बकऱ्या उलट्या अंगाला न्यायला लागलो. बकऱ्या बी वैतागल्या.

शेवटी एक दिवस गेलो. वयनी अंगनात तांदूळ निवडत होती. पानी दिलं, चहा टाकते बोलली, मी बोललो नको, आधी ऐका, नायतर मी परत पळून जाईन. आन् सांगितलं. "वयनी, त्या दिवशी काशानं मला हाळी दिली होती. मी ऐकली. मी ओ दिली नाय."

तिचे हात थांबले. सुपाकडं बघतच बोलली, "किती वेळा दिली?"

"एकदा."

"मंग बरोबर ऐकलंत."

मला काय कळेना. ती बोलली, "मी बी ऐकली. इथंच भांडी घाशीत होती. तुमचं नाव होतं, म्हनून मी बोलली, बुधादादा देतील ओ. मी कशाला देऊ? आन् मंग वाटलं, त्यांचीच कशावरून, दुपारची येळ हाय, अजून दोनदा येऊ दे…" तिनं सूप खाली ठेवलं. "आन् तुमी देनार नाय हे मला ठाऊक होतं, बुधादादा. तुमी कवा दिलीय? तरी मी दिली नाय."

महिनाभर मी एकटा मरत होतो आन् ही इथं तेच घेऊन बसलेली. मला वाटत होतं ती माझ्याकडं बघतेय कारन तिला माझं कळलंय. ती बघत होती कारन तिला वाटत होतं मला तिचं कळलंय. मी घरी आलो आन् मंगळ्याला सांगितलं. मंगळ्या कोयत्याला धार लावत होता. तो मान खाली घालून बोलला, "मी वरच्या अंगाला कारवी तोडत होतो. मला वाटलं तू देशील." वयनीनं विहिरीवर सांगितलं, तिथं दोघी जनी कळशी ठेवून खालीच बसल्या. त्यांनी बी ऐकली होती. पलीकडच्या शेतात एक म्हातारा आन् त्याची सून, त्यांनी बी. सात जन झालो आमी. त्या दुपारी त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर सात मानसांनी ती हाळी ऐकली होती, सातही गप बसली होती, आन् नंतर सातही जनांनी एकमेकांपासून लपवून ठेवलं होतं. काशिनाथ त्या वाटेवर पडला तवा त्याच्या भोवती सात जन होते. आन् त्याला वाटलं असेल कोनीच नाय.

मला अजून हे पचत नाय. तो सांगत होता तवा मी हसत होतो, ते आभाळाचं हाय म्हनून. ते आभाळाचं नव्हतंच. ते आमच्या ओढ्याचं होतं.

कोनी कोनाला माफ-बिफ केलं नाय. ते करनारा असता तर त्यानंच केलं असतं. पन वयनीनं दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्यांना सांगितलं, "यापुढं हाळी कोनाची बी असो, नाव कोनाचं बी असो, पहिलीलाच ओ द्यायची. भुतानं खाल्लं तर खाऊ दे." म्हातारा बोलला, मी या वयात नाय शिकनार. तिनं त्याला बी तेच सांगितलं, तुमाला खाऊन भुताचं पोट तरी भरतंय का. मला तर भ्याच वाटत होतं. साठ वर्षांची सवय, आवाज आला की जीभ आपोआप टाळ्याला चिकटते. पहिल्या आठवड्यात मी एका भारद्वाजाला ओ दिली, दोनदा बकरीला, आन् एकदा लग्नाच्या लाऊडस्पीकरला. मंगळ्या बोलला, तुला पहिलं गप बसता येत नव्हतं म्हनून शाळा सुटली… मी बोललो, उलटं होतं ते. पन आता जमतंय. घाबरत घाबरत, पन देतो.

मागच्या आठवड्यात खर्डीकडनं दोघे मोजनीवाले आले. टॉवरसाठी जागा बघत होते म्हने. त्यातला एक वाट चुकून ओढ्याच्या वर आला आन् त्यानं आपल्या जोडीदाराला हाळी दिली. "सुनीऽऽऽल!" एकदाच. भर दुपारी. मी उतारावरनं दिली, "ओऽऽऽ!" मंगळ्यानं वरनं दिली. वाडीतनं वयनीनं, विहिरीवरनं त्या दोघींनी. सगळीकडनं. तो मानूस जागच्या जागी गोल फिरला, त्याचं तोंड पांढरं झालेलं मला तिथनं दिसलं, आन् बॅग टाकून जो सुटला… मी बॅग घेऊन मागनं पळालो, "ओ दादा, थांबा!" तर तो अजून जोरात. आता खर्डी-आटगावपर्यंत बोभाटा झालाय की आमच्या डोंगरावर भूत हाय, हाळी दिली की चारी बाजूंनी ओ देतं. काशिनाथ जन्मभर सांगत राहिला भूत नाय, आन् त्याच्यापायी आमीच सगळे भुतं झालो.

ती बॅग द्यायला मी वाडीत गेलो, त्यांची मानसं न्यायला येतील म्हनून. मंगळ्या बी आला. वयनी हसत होती, काशिनाथ गेल्यापासून पहिल्यांदाच. मंग हसता हसता थांबली आन् बोलली, "बुधादादा, ओ किती आल्या?" मी बोटं मोजली. "पाच. मी, मंगळ्या, तुमी, विहिरीवरच्या दोघी. म्हातारा आन् त्याची सून बाजाराला गेलेत."

"मी सहा ऐकल्या," ती बोलली.

मंगळ्या बोलला, आवाज डोंगराला आपटून येतो, तसंच असेल. असेल बी. वयनी बोलली, आपटून आलेला आवाज आपल्यासारखा असतो, हा कोना दुसऱ्याचा होता, ओढ्यापलीकडनं. त्या पलीकडच्या डोंगरावर आता कोनी नाय, जे होते ते कवाच उठून गेले, असं आमी धरून चालतो. जाऊन कोनी बघितलेलं नाय. मी अंगनाच्या कडेला गेलो, तिकडं तोंड केलं, घसा साफ केला. नाव कोनाचं घ्यायचं ते कळेना, म्हनून नुसतंच "होऽऽऽ" केलं. गेला आवाज. काय आलं नाय. दुसरी द्यायला मी तोंड उघडलं, तर वयनीनं हात वर केला.

"एकदाच," ती बोलली. "गप बसा आता. ऐकू दे."